आठ जणांनी मिळून एका दिवसात २०० किलोमीटर: वेगापेक्षा थांबे सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ जणांचा ग्रुप, एका दिवसात २०० किलोमीटर सायकल चालवायची आहे. दोघं-तिघं लांब पल्ल्याला सरावलेले, बाकीच्यांनी आजवर ८० किलोमीटरच्या पुढे सायकल नेलेली नाही. हातात तीन महिने आहेत. कुणालाही मागे न सोडता, अंधार पडायच्या आत सगळे कसे पोहोचतील?

पोहोचतील. तीन महिने पुरेसे आहेत. फक्त बहुतेक ग्रुप ज्या गोष्टीची काळजी करतात ती, म्हणजे वेग, इथे दुय्यम आहे. दिवस हातातून जातो तो थांब्यांवर आणि पहिल्या ५० किलोमीटरमध्ये दाखवलेल्या जोरावर. आधी हिशेब पाहू, म्हणजे पुढचं सगळं त्यावर उभं करता येईल.

चाकं फिरत असतानाची सरासरी ताशी २२ किलोमीटर धरली तर २०० किलोमीटरला ९ तास ५ मिनिटं लागतात. ती २४ वर नेली तर ८ तास २० मिनिटं. वाचली ४५ मिनिटं. पण सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २२ चे २४ करायला हवेपुरती सुमारे ३० टक्के जास्त ताकद लागते, आणि ती आठ तासांहून जास्त वेळ लावायची आहे. ग्रुपमधल्या कमी सरावाच्या माणसाला हे झेपणारं नाही. आता दुसरीकडे बघा. 'दहा मिनिटं थांबू' म्हणून आठ जण थांबले की कुणी पाणी भरतं, कुणी लघवीला जातं, कुणाचा फोटो राहतो, निघताना कुणाला तरी हातमोजे सापडत नाहीत, आणि २५ मिनिटं जातात. असे पाच थांबे झाले की सव्वा तास वाया. म्हणजे नुसते थांबे आवरले तर वेग वाढवून मिळाला असता त्याहून जास्त वेळ हाती येतो, तोही पायांना एक पैचा त्रास न देता.

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या मुदतीत लांब अंतर पार करायची राइड, शर्यत नव्हे) साडेतेरा तासांची मुदत असते, थांबे धरून. म्हणजे एकूण सरासरी ताशी १५ च्या आसपास ठेवली तरी माणूस वेळेत असतो. फ्रान्समध्ये १९०४ साली सुरू झालेली ऑडॅक्स पद्धत मुळात ग्रुपनेच चालायची आहे: पुढे कॅप्टन, वेग ठरलेला, कॅप्टनच्या पुढे कुणी जायचं नाही. आजही त्या पद्धतीच्या राइड ताशी २२.५ किलोमीटरने होतात. प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचा प्रकार १९२१ मध्ये त्यातून वेगळा झाला. तुम्हाला सगळ्यांनी एकत्र पोहोचायचं आहे, तेव्हा तुमच्या कामाची पहिली पद्धत आहे.

तयारी. बारा आठवड्यांत दर आठवड्याची सर्वात लांब राइड साधारण अशी चढवत न्या: ८०, ९०, १००, मग उतरून ७०, ११०, १२०, १३०, मग ९०, १४०, १५०, ८०, आणि बाराव्या आठवड्यात २००. दर चौथा आठवडा हलका ठेवायचा, कारण शरीर विश्रांतीतच बळकट होतं. १५० जमले की २०० जमतात. सरावात पूर्ण २०० करायची गरज नाही. उलट त्याचा थकवा अंगात राहतो. आठवड्यातल्या इतर दोन-तीन दिवशी तास-दीड तास पुरे. त्यातल्या एका दिवशी १२ ते १५ मिनिटांचे तीन टप्पे थोडे जोरात करा, इतक्या जोरात की दोन-तीन शब्दांच्या पुढे बोलता येऊ नये. शेवटच्या आठवड्यात पाय मोकळे ठेवण्यापुरतंच चालवा. झोपेचं म्हणाल तर आदल्या रात्री फारशी लागत नाही, पहाटे उठायचं असतं, म्हणून त्याआधीच्या दोन-तीन रात्री नीट झोपा.

यातल्या किमान तीन लांब राइड आठही जणांनी एकत्र करायच्या. ही अट मी सोडणार नाही. एकट्याने १५० किलोमीटर करणारा माणूसही दुसऱ्याच्या चाकामागे अर्ध्या-एक मीटरवर चालवताना बिचकतो, आणि ते राइडच्या दिवशी शिकायचं नसतं.

सायकलच्या बाबतीत एकच कडक नियम: शेवटच्या तीन आठवड्यांत सीट, हँडलबार, बूट, पेडल, काहीही बदलायचं नाही. जे बदलायचं ते आधी. सीटची उंची तपासायची सोपी रीत म्हणजे टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की पाय सरळ व्हावा. मग पंजा पेडलवर ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. तळहात आणि करंगळी बधिर होत असेल तर हातांवर भार जास्त येतोय. सीटचं टोक खाली झुकलेलं आहे का ते आधी पाहा, कारण तसं असलं की माणूस पुढे घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो. गादीवाल्या शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. शिवण घासून शंभराच्या पुढे जखम होते.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे घ्या. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय, ३२ मध्ये ५५ ते ६५ पीएसआय पुरतात. दगडासारखी कडक हवा भरली म्हणजे सायकल वेगात जाते हा समज खरा नाही. खडबडीत रस्त्यावर ती नुसती उसळते, आणि ते हादरे खांदे आणि कंबर सोसतात. चेनची झीज मापाने तपासा. अकरा-बारा गिअरच्या चेनला ०.५ टक्के, त्याहून कमी गिअरच्या चेनला ०.७५ टक्के झीज दिसली की बदला, आणि बदलून किमान शंभरेक किलोमीटर चालवून पाहा. जुन्या झिजलेल्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) नवी चेन दात सोडते, ते घराजवळ कळलेलं बरं.

रस्ता निवडताना एकूण चढ बघा. २०० किलोमीटरमध्ये १००० मीटर चढ म्हणजे सोपा रस्ता. २००० मीटर म्हणजे डोंगराळ, आणि मग ताशी २२ चा हिशेब विसरून १८ ते १९ धरा. दुपारी वारा वाढतो असं बहुतेक ठिकाणी दिसतं, म्हणून जमलं तर समोरचा वारा सकाळी आणि पाठीचा दुपारी येईल अशी दिशा ठेवा. मोठे चढ पहिल्या १२० किलोमीटरमध्ये संपलेले असावेत. आणि नकाशावर तीन जागा आधीच खूण करून ठेवा, जिथून राइड लहान करता येईल किंवा वाहनाने परत येता येईल: साधारण ६०, १०० आणि १५० किलोमीटरवर. रस्त्याची फाइल किमान तिघांच्या फोनवर किंवा सायकल कॉम्प्युटरवर हवी. नकाशा सतत चालू ठेवला तर फोन अर्ध्या दिवसात मान टाकतो, तेव्हा पॉवर बँक घ्याच.

आता मुख्य गोष्ट, एकत्र चालवणं.

समोरच्याच्या चाकामागे नीट बसलं की ताशी २५ ते ३० च्या वेगात एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ताकद वाचते. कमी सरावाच्या माणसाला २०० किलोमीटर पार करून देणारी गोष्ट हीच आहे. पण त्यासाठी त्याला योग्य जागी ठेवावं लागतं. नवख्याला सगळ्यात मागे ठेवणं ही नेहमीची चूक. वळणावर किंवा गतिरोधकावर पुढचा माणूस २२ वरून १० वर येतो आणि लगेच पुन्हा २२ वर जातो. त्या वेळी शेवटचा अजून गतिरोधकावरच असतो. त्याला तुटलेलं अंतर भरायला ३० ने पळावं लागतं. दिवसभरात असं शंभर वेळा झालं की तो संपतो, आणि पुढच्यांना कळतही नाही की का. म्हणून नवख्यांना दुसऱ्या-तिसऱ्या जागी बसवा आणि शेवटी सरावलेला माणूस ठेवा. प्रत्येक वळणानंतर पुढच्याने वेग १५ वरच धरायचा, शेवटच्याकडून 'सगळे आले' अशी हाक येईपर्यंत. ही एक हाक नीट पाळली तर ग्रुप तुटत नाही.

पुढे राहण्याची पाळी सगळ्यांना सारखी नको. तगड्यांनी दहा-दहा मिनिटं ओढावं, मधल्यांनी तीन-चार, आणि ज्याला दम लागलाय त्याने पुढे येताच एका मिनिटात बाजूला व्हावं किंवा पाळी घेऊच नये. यात लाज वाटायचं कारण नाही, उलट तो स्वतःला राखतो म्हणजे ग्रुपचा वेळ राखतो. तगड्या माणसाने मदत करायची ती जास्त वेळ पुढे राहून. जास्त वेगाने जाऊन नव्हे. पुढे येणारा नेहमी नकळत दोन-तीन किलोमीटरने वेग वाढवतो, कारण मागे बसून तो ताजातवाना झालेला असतो. त्याला उपाय म्हणजे पुढे येण्याआधी आकडा बघायचा आणि पुढे आल्यावर तोच ठेवायचा. बाजूला होणाऱ्याने मागे बघून, हाताने खूण करून, सरळ रेषेत बाजूला व्हायचं आणि मग वेग कमी करायचा. रेषेत असतानाच पेडल सोडायचं नाही. कोणत्या बाजूला व्हायचं ते निघण्यापूर्वी ठरवा आणि दिवसभर तेच पाळा.

समोरचा वारा असेल तर आकडा विसरा आणि जोर तेवढाच ठेवा. २२ चे १७ होतील, होऊ द्या. आडवा वारा असेल तर आडोसा थेट मागे नसतो, तिरका मागे असतो, आणि आठ जणांनी तिरकी रांग केली की सगळा रस्ता व्यापतो. रहदारीच्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे. अशा वेळी चार-चारचे दोन गट करून मध्ये एखादं वाहन सहज शिरेल एवढी जागा ठेवा.

पडण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे चाकावर चाक. तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूने पुढे गेलेलं असतं, तो खड्डा चुकवायला वीतभर सरकतो, चाकाला चाक घासतं. त्याला धक्का जाणवतो एवढंच. पडता तुम्ही, कारण वळवलं जातं ते तुमचं पुढचं चाक. म्हणून तुमच्या चाकाची पुढची कड त्याच्या चाकाच्या मागच्या कडेच्या मागेच ठेवायची. सरावलेल्यांनी अर्धा ते एक मीटर अंतर ठेवावं, नवख्यांनी दीड ते दोन. दीड मीटरवरही आडोसा मिळतो. नजर समोरच्या टायरवर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. पेडलवर उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते, त्यामुळे उभं राहण्याआधी 'उभा राहतोय' म्हणायचं आणि पेडल खाली जात असताना उठायचं. ब्रेक शक्यतो नकोच. किंचित बाजूला होऊन छातीवर वारा घेतला की वेग आपोआप कमी होतो. खड्डा, वाळू, मागून मोठं वाहन, थांबतोय: या चार हाका पुरतात, आणि प्रत्येकाने ती मागे पोहोचवायची.

पहाटे अंधारात निघत असाल तर मागचे दिवे लुकलुकते नकोत, स्थिर ठेवा. लुकलुकणारा दिवा एका मीटरवरून पाहणाऱ्याचे डोळे दिपवतो आणि त्याला अंतर कळेनासं होतं. फक्त शेवटच्याचा दिवा चमकता चालेल.

चढावर आडोशाचा उपयोग जवळजवळ संपतो. ताशी १२ ने चढताना प्रत्येकजण आपल्या वजनाशी झगडत असतो, म्हणून तिथे ग्रुप धरून ठेवण्याचा हट्ट नको. पण वर पोहोचल्यावर काय होतं बघा. पहिला आठ मिनिटं बसून राहतो, शेवटचा धापा टाकत येतो, आणि तो आला म्हणून सगळे निघतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वात जास्त, त्यालाच ती मिळत नाही. यावर दोन उपाय. चढाच्या पायथ्याशी सावकाश चढणाऱ्यांना पुढे काढा, म्हणजे वर पोहोचण्यातलं अंतर निम्मं होतं. आणि वर शेवटचा आला की घड्याळ लावून त्याला तीन मिनिटं द्या. उतारावर तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवा, तिथे मागे चिकटून बसायचं नाही.

पहिला तास सगळ्यात फसवा. अंग ताजं, हवा गार, ग्रुपचा उत्साह, आणि आकडा २६ दाखवतो. पूर्ण वाक्य दम न लागता बोलता आलं पाहिजे, ही त्या तासाची कसोटी. नाडीचा पट्टा असेल तर कमाल ठोक्यांच्या ७० टक्क्यांच्या वर जायचं नाही. पाय मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या फिरू द्या. जड गिअर रेटला तर गुडघे दीडशेव्या किलोमीटरवर हिशेब मागतात. कॅप्टनचं खरं काम या तासातच असतं, तगड्यांना आवरणं.

थांबे असे आखा: ४५ किलोमीटरवर १० मिनिटं, ८५ वर १५, १२० वर जेवणाचे ३०, १५५ वर १५, १८० वर १०. एकूण ८० मिनिटं, आणि पंक्चर, लघवी, रस्ता चुकणं यासाठी आणखी ४०. पहाटे साडेपाचला निघालात तर ९ तास ५ मिनिटं चालवून आणि दोन तास थांबून ४ वाजून ३५ मिनिटांनी पोहोचता. जेवण १०० वर न घेता १२० वर घ्यायचं कारण असं की उठल्यावर समोर ८० च उरलेले असतात, आणि तेवढं तर प्रत्येकाने आधी केलेलं असतं.

थांबल्यावर 'दहा मिनिटं' असं म्हणू नका, 'सात पस्तीसला निघायचं' असं म्हणा. वेळ सांभाळायला एक माणूस नेमा, तो कॅप्टन नसावा. त्याने तीन मिनिटं आधी हाक दिली की हेल्मेट डोक्यावर. उतरल्या उतरल्या आधी बाटल्या भरायच्या, मग लघवी, मग खाणं, फोन सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की निघायच्या वेळी बाटली रिकामी असते. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. पाय आखडतात आणि पुढचे दहा किलोमीटर ते मोकळे करण्यात जातात.

खाण्याचा हिशेब सगळ्यांनी समजून घ्यावा. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो, म्हणजे २००० कॅलरीच्या आसपास. नऊ तासांत खर्च होणार ४००० च्या घरात. काही चरबीतून निघतं, बाकी तोंडातून जायला हवं. ताशी ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे उद्दिष्ट ठेवा. मध्यम केळ्यात २५ ग्रॅम मिळतात, दीडशे ग्रॅमच्या उकडलेल्या बटाट्यात ३०, पाच लहान खजुरांत ३० च्या आसपास. बाटलीत ५०० मिलिलीटर पाण्याला साखरेचे सात सपाट चमचे, म्हणजे ३० ग्रॅम, आणि मीठ एक ग्रॅम, म्हणजे सपाट चमच्याचा सहावा भाग. अशी एक बाटली आणि एक केळं झालं की तासाचा कोटा भरतो.

महत्त्वाचं म्हणजे सुरुवात पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात करायची, भूक नसली तरी. भूक लागेपर्यंत थांबलात तर दोन तास मागे पडलात, आणि पोट तासाला ६० ग्रॅमच्या फार पुढे घेत नाही, त्यामुळे ती तूट भरून निघत नाही. दर २० मिनिटांनी एखाद्याच्या फोनवर गजर वाजू द्या आणि सगळ्यांनी एक-दोन घास खा. ग्रुपचा हा मोठा फायदा आहे, एकटा माणूस विसरतो. जेवणात तळलेलं आणि तुपकट टाळा. ते पोटात बसून राहतं. दीडशेनंतर घन अन्न नकोसं होतं, तेव्हासाठी गोड पेय राखून ठेवा. सरावात न खाल्लेली कोणतीही गोष्ट त्या दिवशी खाऊ नका, मग ती कितीही नावाजलेली असो.

पाणी ताशी ५०० ते ७५० मिलिलीटर, उन्हात जास्त. आपला आकडा काढायचा असेल तर सरावाच्या एका तासाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे एक लीटर घाम. दिवसभरात वजनाच्या दोन टक्के घट चालते. वजन वाढलं असेल तर पाणी अति झालं, आणि ते कमी पाण्याइतकंच घातक असू शकतं. बोटं सुजणं, डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा दिसला आणि माणूस सतत साधं पाणी पीत आला असेल, तर त्याला आणखी पाणी देऊ नका. रक्तातलं सोडियम खाली गेलेलं असू शकतं. डॉक्टर गाठा.

सामानाचं वाटप ग्रुपने करायचं. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि दिवे. ग्रुपमध्ये मिळून दोन पंप (जाड आणि बारीक, दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला चालणारे), पॅचचा संच, चेन तोडायची सोय असलेला मल्टिटूल, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा, प्लास्टिकचे बंद, आणि प्रथमोपचाराचं सामान. क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी, गिअरच्या संख्येप्रमाणे वेगळी येते, तेव्हा ग्रुपमध्ये जेवढ्या प्रकारच्या चेन आहेत तेवढ्या लिंक घ्या. उंच रिम असेल तर त्याला लांब व्हॉल्व्हची ट्यूब लागते. शेजाऱ्याची आखूड व्हॉल्व्हची ट्यूब तिथे कामाची नाही. हे आदल्या दिवशी एकदा सगळ्या सायकली शेजारी उभ्या करून तपासा.

पंक्चर होणारच. आठ सायकली म्हणजे सोळा टायर. सगळे भोवती उभे राहून सल्ले द्यायला लागले की वीस-पंचवीस मिनिटं जातात. तिघांनी काम केलं तर आठ-दहा. एकाने चाक काढायचं (मागचं असेल तर आधी सर्वात लहान दातेरी चकतीवर गिअर आणून), दुसऱ्याने नवी ट्यूब उघडून तिच्यात फुंकरभर हवा भरून ठेवायची, तिसऱ्याने पंप. बाकीच्यांनी रस्त्यापासून दूर उभं राहून खायचं. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणून बसवत असाल तर आज त्याचा उपयोग होतो. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, ट्यूब टायरशेजारी धरा, काटा नेमका कुठे असेल ते लगेच कळतं. तो सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही. टायरच्या आतून बोट हलकेच फिरवा. तारेचा बारीक तुकडा असेल तर तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा नसतो, हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली गेलेली असते. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकलेली आहे, ती नीट करा, नाहीतर दहा मिनिटांत पुन्हा तेच.

टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग घट्ट वाटला तर उलट बाजूच्या कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा, ढिलाई मिळते. लिव्हरने रेटलं तर नवी ट्यूब फाटते. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, थोडी हवा भरा, दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते फिरवून बघा, आणि मगच पूर्ण हवा. गॅसच्या नळकांडीने भरली असेल तर ती हवा त्या दिवसापुरतीच. घरी गेल्यावर पंपाने पुन्हा भरा. ट्यूबलेस टायरचं भोक चिकाने (भोक बुजवायला आत भरलेल्या द्रवाने) बुजलं नाही आणि आत ट्यूब घालावी लागली, तर आधी टायर आतून पूर्ण तपासा. कित्येक दिवसांचे काटे त्यात चिकाने बुजून गुपचूप बसलेले असतात, ते ट्यूबला लगेच भोकं पाडतात.

सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर निघण्याआधी मागून डिरेलर (मागच्या चाकाशी चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) बघा. तो आत वाकलेला असेल आणि तुम्ही चढावर सर्वात मोठी चकती घेतलीत, तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि राइड तिथेच संपते. शंका असेल तर मोठ्या दोन चकत्या वापरूच नका. स्पोक तुटला तर तो शेजारच्या स्पोकला गुंडाळा आणि रिम ब्रेक असेल तर तो थोडा सैल करा. सावकाश गेलात तर बहुधा घर गाठता येतं.

माणसांकडे लक्ष ठेवायचं काम शेवटच्याचं. जो सतत बोलत होता तो अचानक गप्प झाला, रेषेत डुलायला लागला, चिडचिड करू लागला, तर त्याची साखर संपलेली आहे असं धरून चाला. थांबवा, ३० ते ५० ग्रॅम साखर पेयातून द्या, १५ मिनिटं बसवा आणि पुढचे पाच किलोमीटर आडोशात हळू न्या. बहुतेक जण अर्ध्या तासात सावरतात. पायात गोळे आले तर हलका गिअर घेऊन पाय ताणा. मीठ-पाणी द्या, पण बहुधा कारण असतं ते सुरुवातीला लावलेला जोर. उन्हात मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर राइड तिथेच थांबवायची: सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा, आणि ताबडतोब वैद्यकीय मदत. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा विसर पडत असेल तर तो 'मी बरा आहे' म्हणाला तरी त्याला पुन्हा सायकलवर बसू देऊ नका.

सोडायचं केव्हा हेही आदल्या दिवशी ठरवा, रस्त्यावर नाही. माझ्या मते साधा नियम पुरतो: १०० किलोमीटरवर ठरलेल्या वेळेपेक्षा ४५ मिनिटांहून जास्त मागे असाल तर पूर्ण ग्रुपने आखूड रस्ता घ्यायचा. एकट्याला सोडायचं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, एकजण सोबत, आणि तो वाहनात बसल्याचं कळल्यावरच बाकीच्यांनी पुढे जायचं. थकलेल्या माणसाला मागून पाठीवर हात लावून ढकलू नका. दोघांचाही तोल जातो.

शेवटचे २० किलोमीटर अपघाताचे असतात. घर जवळ आलं म्हणून वेग वाढतो, हाका बंद होतात, अंतर कमी होतं आणि डोकं थकलेलं असतं. १८० च्या थांब्यावर सगळ्यांना काहीतरी गोड खायला लावा, नवख्यांना मागच्या चाकापासून आणखी अर्धा मीटर लांब ठेवा, आणि उजेड असला तरी दिवे लावा. पोहोचल्यावर तासाभरात नीट जेवा, लघवीचा रंग फिका होईपर्यंत थोडं थोडं मीठ-पाणी पीत राहा. आणि घरी जायला कुणाला मोटार चालवायची असेल तर चालवणारा असा हवा ज्याने आज सायकल चालवलेली नाही. ते शक्य नसेल तर आधी जेवण, मग किमान अर्धा तास झोप, आणि मगच किल्ली हातात.